खटकाबाई

खटकाबाईंशी ज्याचं एकदाही वाजलं नाही असा माणूस सडक अर्जुनीत शोधायचा झाला, तर तो काल संध्याकाळीच गावात राहायला आलेला असणार. दूधवाला, पंक्चरवाला, देवळातला पुजारी, बँकेतला शिपाई, स्वतःचा सख्खा भाऊ, सगळ्यांशी त्यांचे खटके उडून झाले होते. नाव त्यावरूनच पडलं. पुढं त्याला दुसराही अर्थ चिकटला. गाडीतला पट्टा अडकवताना ‘खट्’ असा आवाज होतो ना, तो स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय त्या गाडी हलू देत नसत. तोंडावर सगळे ‘काकूजी’ म्हणायचे आणि पाठ वळली की खटकाबाई. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणायच्या, “मांगून बोलतेत ना? म्हंजे माह्या मांगंच हायेत ते.”

मी जत तालुक्यातला. शाळा आठवीत सोडली आणि बेदाण्याच्या गाड्यांवर लागलो. एका खेपेला मालकानं रायपुरातच ट्रक विकून टाकला आणि मला फोनवर सांगितलं, तुझं तू ये. येता येता कोहमाऱ्याच्या चौकात उतरलो, ढाब्यावर काम विचारलं, तिथून कुणीतरी मला यांच्या दारात आणून उभं केलं. नवऱ्याच्या मागं दोन गाड्या भाड्यानं लावून बाई घर चालवत होत्या.

“कोठचा हायेस?”

“सांगलीकडचा.”

“म्हंजे पुण्याचा.”

“नाही, पुण्याहून लांब आहे ते...”

“एकच. तिकडले सारे पुण्याचेच.”

पुणं मी एस.टी.च्या खिडकीतून तेवढं पाहिलं होतं. पण त्या दिवसापासून मी ‘पुण्या’ झालो. त्यांनी मला राहायला खोली दिली, जेवायला दिलं, पुढं लग्न झाल्यावर सुनंदाला भांडीकुंडी दिली. आभार मानायला गेलो की भडकायच्या. “आभार कायले मानून राहिला? टायरमधली हवा पाह्य.” माझा स्वभाव घाबरट. गाडीचं दार लावलं तरी परत येऊन ओढून बघणार, ब्रेक दाबून बघणार, आरशात बघणार, मग पुन्हा दार. दुसऱ्या कुणी मला चार दिवसांत हाकललं असतं. खटकाबाई गिऱ्हाइकांसमोरच सांगायच्या, “हा भेकड हाये म्हून ठेवला. शूर पोट्टे भलते हायेत स्टँडावर.” हे कौतुक आहे हे कळायला मला फार काळ लागला.

आमचा मुख्य धंदा बाळंतिणींचा. गोंदियाच्या दवाखान्यातून बाळंतीण आणि लेकरू घरी पोचवायचं, नाहीतर माहेराहून सासरी. आता फुग्याची गोष्ट सांगतो, कारण सगळ्याची सुरुवात तिथून आहे.

गाडीत समोरच्या सीटच्या वर, काचेपाशी, उन्हासाठी खाली ओढायची एक पट्टी असते. तिच्यावर चित्र असतं. उलट्या खुर्चीत बसलेलं लेकरू, त्याच्यासमोर फुगलेला गोळा, आणि वर लाल फुली. खाली इंग्रजीत काहीतरी. आमच्या स्टँडावर त्याचा अर्थ ठरून गेला होता: गाडीत लेकरांना फुगे देऊ नयेत. फुटला की ड्रायव्हर दचकतो. मला तर हे अगदी पटलं होतं, मी दचकणाराच. खटकाबाईंनी हा नियम असा पाळला की विचारू नका. आमगावला वाढदिवसासाठी निघालेल्या एका पोराच्या हातातला फुग्यांचा घोस काढून त्यांनी विजेच्या खांबाला बांधला. पोरगं आमगावपर्यंत रडत गेलं. त्याचा बाप शेवटी वैतागून म्हणाला, “काकूजी, तो फुगा दुसरा आहे. गाडीतलाच असतो. डॅशबोर्डात.”

“डॅशबोर्डात फुगा? कोनं ठेवला?”

“कंपनीनं.”

“माह्या गाडीत, मले न विचारता?”

तो माणूस खोटा आहे हे सिद्ध करायला दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडी थेट गोंदियाला, जिथं घेतली होती त्या शोरूमला न्यायला लावली. तिथला टायवाला पोरगा बिचारा सभ्य. “आंटीजी, इसमें एअरबॅग है,” त्यानं सुरुवात केली. “बॅग? काल तं फुगा म्हनत होते,” इथून भांडण सुरू झालं ते त्यांचं दुकान बंद व्हायच्या वेळेला संपलं. गाडी जोरात आदळली की आतली छोटी बारूद उडते आणि डोळा मिटायच्या आत पिशवी फुगते, हे ऐकल्यावर त्या उठूनच उभ्या राहिल्या. “बारूद? बारूद भरून गाडी इकली मले? अन् वरून हवेचे पैसे घेतले?” पण पोरगा चिवट निघाला. त्यानं पुस्तक काढलं, पानं दाखवली. मोठ्या माणसानं पट्टा लावला असेल तर ही पिशवी त्याला वाचवते. पण मान न धरलेलं लेकरू समोर मांडीवर असेल, किंवा त्याची खुर्ची समोर उलटी ठेवली असेल, तर तीच पिशवी त्याच्यावर धडकते. म्हणून ती फुली. लेकरानं मागं बसायचं, स्वतःच्या खुर्चीत, उलट्या तोंडानं.

खटकाबाई ते पान किती तरी वेळ बघत राहिल्या. मग चित्रातल्या खुर्चीवर बोट ठेवलं. “हा पाळना मले पायजे.”

“आंटीजी, यहाँ कोई लेता नहीं.”

“मी कोनी नाही का?”

परत निघालो तर म्हणाल्या, “पुण्या, आमगावले घे.” गोंदियाच्या बाजारातून त्यांनी फुग्यांचा मोठा घोस घेतला होता, तो मागच्या सीटवर भरलेला, आरशात मला रस्ता दिसेना. आमगावला त्या पोराच्या हातात घोस देऊन म्हणाल्या, “घे. गाडीत बी खेळ. मी नाही चुकली, त्या चित्रवाल्यानंच फुगा कोनता ते नीट नाही काढलं.” इतकंच. चहाला थांबल्या नाहीत.

पाळणा नागपूरहून यायचा होता. आला तेव्हा त्या टायवाल्याला तो गाडीत बसवून दाखवायला लावला, काढायला लावला, परत बसवायला लावला. आम्हा दोघांच्या हाताला जमेपर्यंत त्याची सुटका झाली नाही. गाडीचा पट्टा निळ्या खाचांतून ओवायचा. लाल खाचा मोठ्या लेकराच्या, समोर तोंड करून बसणाऱ्याच्या. एकानं पाळणा सीटमध्ये दाबून धरायचा, दुसऱ्यानं पट्टा ओढायचा, मग खाली, जिथून पट्टा गेला तिथं धरून हलवून बघायचं. “हलला तं पाळना नाही, झुला झाला,” खटकाबाई म्हणायच्या आणि मला पुन्हा ओढायला लावायच्या. माझ्यासारख्या दहा वेळा दार ओढून बघणाऱ्याला हे काम म्हणजे देवानं दिलेलं.

खरं भांडण पुढं होतं. लेकरू येतं ते दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, डोक्याखाली मोहरीची उशी. खटकाबाई दवाखान्याच्या पायरीवरच ते सोडायच्या. “पार्सल हाये का हे? पाय कोठी गेले याचे?” उशी बाजूला, लेकराचे हात पट्ट्यातून बाहेर, पट्टा खांद्यावर असा की चिमटीत येऊ नये, खट्, आणि मग वरून दुपटं पांघरायचं. आज्या शिव्या द्यायच्या. त्याहून वाईट गोष्ट समोरच्या सीटची. लेकरू पहिल्यांदा बापाच्या घरी निघालं की समोरची सीट मानाची. तिथं नवा शेला घेतलेला मामा बसणार, त्याच्या मांडीवर लेकरू, आणि गाडी गावातून हळू न्यायची, लोकांना दिसलं पाहिजे. ती सीट खटकाबाईंनी बंद केली. “मी धरतो नं घट्ट,” मामा म्हणायचा. “हात म्हंजे काय पट्टा होय? सुटते तो,” या म्हणायच्या. गिऱ्हाईक उतरून समोरच्या गाडीकडं जायचं.

समोरची गाडी बंडूभाऊची. स्टँडावर त्याचं तोंड सगळ्यांत मोठं. “काकूजीच्या गाडीत लेकरू बसत नाही, बाप्पा, अटक होते त्याले,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. त्याच्या डॅशबोर्डवर डाव्या बाजूला पितळेचा जड मारुती होता, गोंदानं पक्का बसवलेला. एकदा आमच्याकडून रुसून गेलेलं गिऱ्हाईक त्याच्या गाडीत बसत होतं. मामा पुढं, मांडीवर लेकरू, आणि नेमका समोर मारुती. खटकाबाई स्टँडासमोरच्या आपल्या घरात गेल्या आणि भाकरीचं उलथनं घेऊन बाहेर आल्या.

“बंडू, हा मारुती कोठी बसवला?”

“देव हाये काकूजी. समोरच बसन.”

“त्याच्या बुडाखाली फुग्याचं झाकन हाये. फुगा उडाला तं मारुती कोनाच्या डोस्क्यात जाईन? देवाले धोंड्यावानी फेकून मारशीन का त्या लेकराले?”

उत्तराची वाट कोण बघतं? उलथनं झाकणावर घासलं आणि मारुती त्यांच्या पदरात. स्टँड पेटलं. “देव उपटते म्हंजे काय!” दहा जण धावून आले, कुणी आईवरून बोललं, कुणी पोलिसांची भाषा केली. मामा लेकरू घेऊन समोरच बसून गेला आणि सुखरूप पोचला. बंडूभाऊनं त्याचा फोटो मोबाईलवर आठवडाभर सगळ्यांना दाखवला. देव मात्र परत मिळाला नाही. बाईनं तो नाल्यात फेकला, असं स्टँडानं ठरवलं. बाईंनी खुलासा केला नाही. उलट पुढच्या वर्षांत आणखी किती तरी गाड्यांतले देव त्यांच्या पदरात गेले, दर वेळी तशीच बोंब. आमची भाडी कमी झाली. मी रात्री सुनंदाला म्हणायचो, आपलं इथलं उठतंय. ती म्हणायची, झोपा आता.

मग आमची तनू झाली. सुनंदाला लांबचा प्रवास नको म्हणून डॉक्टरनं माहेरी जायला बंदी केली होती, म्हणून बाळंतपण गोंदियाला, आणि जतहून आमची आय आली. आय आणि खटकाबाई दवाखान्याच्या दारात पहिल्यांदा समोरासमोर आल्या आणि मला कळलं की आज माझं काही खरं नाही.

खटकाबाईंनी पाळणा आधीच मागं बसवून ठेवला होता. आयनं त्याचं तोंड बघितलं.

“ह्यो उलटा का बसिवलाय?”

“लेकरू उलटंच बसते.”

“इसाव्याला तिरडी फिरवत्यात, तशी उलटी करून न्हेनार व्हय माझी नात? घरला जायाचं तर तोंड घराकडं पायजे!”

“मायच्या पोटात उलटंच होतं ना? डोकं खाली, पाय वर. तवा कायले नाही भांडल्या?”

भोवती जमलेले रिक्षावाले हसले. आयला ते हसणं लागलं. तिनं तनूला उचललं, समोरच्या सीटवर जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. खटकाबाईंनी खिडकीतून हात घालून किल्ली काढली आणि दवाखान्याच्या पायरीवर फतकल मारली. “उतरतवरी गाडी हालत नाही.”

“मी बी उतरत न्हाई. ही गाडीवाली बाई मला शिकिवनार व्हय लेकरू धराय? पाच वाढिवली मी!”

“गाडीत वाढवले का?”

आता गर्दी झाली. निम्मे आयच्या बाजूचे, निम्मे तमाशा बघणारे. “बुढीचं आयका, बाप्पा,” कुणी म्हणे. “किल्ली हिसकून घे ना रे,” असं कुणी मला म्हणे. मी काचा पुसत होतो. एका बाजूला जिनं जन्म दिला ती, दुसऱ्या बाजूला परक्या गावात जिनं ताट वाढलं ती, आणि आयच्या मांडीवर माझी लेक, जिची मान अजून वाऱ्यानं हलत होती. त्या झाकणासमोर ती बसलेली होती. मला त्या झाकणाच्या आत काय आहे ते ठाऊक होतं, आणि मी तीच काच पुन्हा पुसत होतो.

बोलली ती सुनंदा. ती मागं उशीवर अवघडून बसली होती. म्हणाली, “आत्या, तिथं तुम्हाला पोरीची टाळूच दिसंल. हितं ठेवा, हिचं तोंड आपल्याकडं हाय. सगळी वाट बघत जावा.”

आय खाली उतरली. खटकाबाईंकडं न बघता मागं आली, तनूला स्वतःच्या हातानं पाळण्यात ठेवलं. दुपटं सोडायला मात्र हात पुढं होईना. ते खटकाबाईंनी सोडलं. पट्टा खांद्यावर आला, खट् वाजलं. तनूनं डोळे उघडले आणि सरळ आयच्या तोंडाकडं बघितलं. आयनं बोट पुढं केलं, ते तिनं मुठीत धरलं, आणि घर येईपर्यंत सोडलं नाही.

वाटभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. वाटेतलं गोरेगाव मागं पडल्यावर आय खिडकीला उद्देशून म्हणाली, “खटका नीट बसलाय का इचारा म्हनावं.” पुढच्या सीटवरून खटकाबाई काचेला उद्देशून म्हणाल्या, “बसला हाये, सांगा.” त्यापुढं आय इथं असेपर्यंत दोघींचं हे असंच चाललं, माझ्यामार्फत.

वाटेत काहीच झालं नाही. एवढं भांडलो, तर काहीतरी व्हायला हवं होतं असं ऐकणाऱ्याला वाटतं. झालं नाही. त्यांच्या गाडीतून गेलेल्या एकाही लेकराला कधीच काही झालं नाही, आणि स्टँडाला हाच राग होता. “इतके साल भांडली म्हातारी, झालं काय कधी?” बंडूभाऊ एकदा तोंडावर बोलला. खटकाबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मंग? व्हाले पायजे होतं का?”

यंदा धान कापणीच्या दिवसांत त्यांना लकवा आला. तोंड वाकडं झालं, उजवा हात गेला. मला घरात बोलावलं. इतक्या वर्षांत मी ओसरीच्या आत गेलो नव्हतो. त्यांना उचलायला वाकलो आणि समोर देवघर दिसलं. घरचे देव एका कोपऱ्यात सरकलेले, आणि बाकी सगळ्या फळीवर ते, डॅशबोर्डवरचे. छोटे गणपती, साईबाबा, बाळकृष्ण, मधोमध बंडूभाऊचा मारुती. कुणाच्या बुडाला पिवळा गोंद, कुणाला चिकटपट्टी तशीच. प्रत्येकाला ताजं गंध, प्रत्येकापुढं फूल. मी बघत राहिलो.

“पाहू नको,” त्या अडखळत म्हणाल्या. “गाडी काढ.”

मागच्या सीटवर बसवलं. पट्टा मीच लावला. खट् वाजलं, मी दार लावायला लागलो.

“आयकू नाही आलं.”

मी पट्टा सोडला, त्यांचा कान खटक्याजवळ आणला आणि पुन्हा लावला.

“हाव,” म्हणाल्या. “आता चाल.”

गोंदियाहून त्या परत आल्या नाहीत.

तेरवीला त्यांचा मुलगा नागपूरहून आला होता. त्यानं सगळे देव अंगणात पाटावर मांडले आणि ज्याचा त्यानं घेऊन जावा म्हणाला. ड्रायव्हर एकेक करून वाकले. आपापला देव हातात घेऊन, बुडाचा गोंद नखानं खरवडत, खाली मान घालून गेले. बंडूभाऊनं मारुती दोन्ही हातांनी उचलला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडावर गेलो, तर मारुती परत डाव्या बाजूला, त्याच झाकणावर, नव्या गोंदानं बसवलेला. त्याच्यासमोर शेला घेतलेला मामा, मामाच्या मांडीवर लेकरू. घरी गेलो. सुनंदा तव्यापाशी होती. मी उलथनं मागितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, पदरानं पुसलं आणि दिलं.

“बंडूभाऊ, देव जरा बाजूला घेतो,” मी म्हणालो.

“हात लावून पाह्य, पुण्या.”

मी लावला. मग जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, सदऱ्याचं बटण गेलं, कानाखाली आवाज निघाला, दहा जण धावून आले. मी उलथनं सोडलं नाही. गोंधळाला घाबरून बाळंतीण मामाच्या मांडीवरून लेकरू ओढून घेऊन मागं जाऊन बसली. पाळण्यात नाही बसवलं. पण मागं बसली.

मारुती आता आमच्या घरी आहे. रोज सकाळी मी त्याला अंघोळ घालतो, तनू फूल ठेवते. पाळणा तिला केव्हाच लहान झाला, तो आमच्या गाडीत असतो, ज्याला पाहिजे त्याच्यासाठी. बंडूभाऊ माझ्याशी बोलत नाही. स्टँडावर मला आता पुण्याही कुणी म्हणत नाही. तोंडावर भाऊ म्हणतात. खटकाभाऊ म्हणतात ते मागून.